रोलिन्सचा तो पूल धाम नदीवरचा नव्हे

लग्नसराई आली की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या बँडवाल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप जागे होतात. सध्या त्यांवर फिरतंय ते असं: अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स कार्यक्रम सोडून पवनारच्या आश्रमात राहिला, धाम नदीच्या पुलावर रियाज केला आणि परत जाऊन ‘द ब्रिज’ हा अल्बम काढला. वाचायला झकास, पण खरं नाही.

पूल न्यूयॉर्कचा, विल्यम्सबर्ग ब्रिज. १९५९ मध्ये, ऐन भरात असताना, रोलिन्सने कार्यक्रम थांबवले. लोक वाहवा करत होते, त्याचं स्वतःचं समाधान होत नव्हतं. वस्ती दाटीची, शेजारची बाई गरोदर. तिला त्रास नको म्हणून तो पुलावर जाऊन तासन्‌तास वाजवायचा, कडाक्याच्या थंडीतही. (आपल्याकडे पहाटे ट्रम्पेट काढणाऱ्यांनी एवढं तरी घ्यावं.) १९६१ च्या अखेरीस तो मंचावर परतला. ‘द ब्रिज’ १९६२ चा, आणि त्याचं रेकॉर्डिंग पुलावर नाही, स्टुडिओत झालं. त्यात पियानो नाहीच. ती जागा जिम हॉलच्या गिटारने घेतली आहे.

भारतात तो आला, हे मात्र खरं. पण ‘द ब्रिज’नंतर काही वर्षांनी, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात. मुक्काम मुंबईत पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. कार्यक्रमांना पुन्हा एकदा दिलेल्या विश्रांतीनंतरचा त्याचा अल्बम १९७२ चा. पवनारचा आश्रम विनोबांचा. पवईचं पवनार कुणीतरी पुढे पाठवतानाच केलं असावं.