लेनिनग्राड नकाशावर आजही आहे

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘1991 साली लेनिनग्राड हे नाव नकाशावरून कायमचं पुसलं गेलं. मेट्रो जाते ती मुरिनो, कुद्रोवो ही सगळी सेंट पीटर्सबर्गचीच उपनगरं. टोलेजंग इमारतींपलीकडे तिथे काही नाही.’ मला तो तिघांनी पाठवला, तिघंही चांगले वाचणारे. म्हणून नीटच उत्तर देतो.

नाव बदललं ते शहराचं. 12 जून 1991 ला शहरात मतदान झालं, 54 टक्क्यांहून अधिक मतं जुन्या नावाला पडली आणि सप्टेंबरात लेनिनग्राडचं पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं. भोवतालचा प्रांत मात्र लेनिनग्राड ओब्लास्तच राहिला. रशियाच्या 1993 च्या राज्यघटनेत शहर आणि प्रांत हे दोन स्वतंत्र घटक आहेत. शहर साधारण 1,400 चौरस किलोमीटरचं, प्रांत जवळपास 84 हजारांचा. 2021 पासून प्रांताचं मुख्य ठाणं गातचिना आहे. आणि मॉस्कोत ज्या स्टेशनातून पीटर्सबर्गच्या गाड्या सुटतात, त्याचं नाव आजही लेनिनग्राद्स्कीच आहे.

मेट्रोचा मुद्दा फसवा आहे, कारण तो अर्धा खरा आहे. मुरिनोतलं देव्यात्किनो स्टेशन 1978 च्या डिसेंबरात सुरू झालं. मेट्रोतून उतरून त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला लोकल पकडता येते. पण हे स्टेशन शहराच्या हद्दीबाहेर, प्रांतातल्या व्सेवोलोझ्स्क जिल्ह्यात आहे. मेट्रो हद्द ओलांडते म्हणून हद्द सरकत नाही. मुरिनोचा रहिवासी रोज शहरात कामाला जात असला तरी मत देतो लेनिनग्राड प्रांताच्या गव्हर्नरसाठी. तिथे नोंदवलेल्या गाडीच्या पाटीवर प्रांताचा क्रमांक 47 किंवा 147 असतो. 78 किंवा 178 म्हणजे शहर. शिवाय कुद्रोवोला 2018 मध्ये आणि मुरिनोला 2019 मध्ये स्वतःचा शहराचा दर्जा मिळाला. दोन्ही याच जिल्ह्यातली शहरं.

‘इमारतींपलीकडे काही नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. हा जिल्हा दक्षिणेला नेवा नदीपासून पूर्वेला लादोगा सरोवरापर्यंत पसरलाय. मधे जंगलं आणि तळी आहेत. 1941 च्या सप्टेंबरात नाझी सैन्याने लेनिनग्राडची नाकेबंदी केली, कामगार सोडून बाकीच्यांना मिळणारा रोजचा पावाचा वाटा 125 ग्रॅमपर्यंत उतरला, तेव्हा गोठलेल्या लादोगावरून ट्रक धान्य घेऊन आले ते याच जिल्ह्याच्या किनाऱ्याला. परतताना ते माणसं बाहेर काढत. त्या वाटेला ‘जीवनमार्ग’ म्हणतात. कोकोरेवोजवळ, जिथे ट्रक बर्फावर उतरत, तिथे काँक्रीटच्या दोन अर्धकमानी उभ्या आहेत. वर त्या एकमेकींना भेटत नाहीत. या स्मारकाचं नाव ‘तुटलेलं कडं’, म्हणजे नाकेबंदीचं तुटलेलं कडं. खालच्या काँक्रीटमध्ये टायरच्या खुणा उमटवल्या आहेत, सरोवराकडे जाणाऱ्या.