बालवाडीचं वर्ष कोल्हापूरच्या ऋतूंवर बसवा

जून उजाडला की संस्थांच्या बालवाड्यांत वर्षाच्या नियोजनाच्या बैठका होतात आणि बऱ्याच ठिकाणी पहिला विषय असतो स्नेहसंमेलन. तारीख कोणती, हॉल कुठला, पाहुणे कोण. मग डिसेंबर-जानेवारीचे कित्येक आठवडे तीन-चार वर्षांच्या पोरांना एकाच गाण्यावर हात वर-खाली करायला शिकवण्यात जातात. देणग्यांवर चालणाऱ्या बालवाडीने हे थांबवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. चाळीस मुलांच्या पोशाखाचं भाडं प्रत्येकी ३०० रुपये धरलं तरी १२ हजार होतात, वर साउंड, हॉल, सजावट वेगळी. एवढ्या पैशांत वर्षभराची माती, बियाणं, तिळगूळ आणि जवळच्या गुऱ्हाळाची एक सहल बसवता येते. शिवाय स्टेजवर मूल नुसतं दिसतं. अंगणात ते काम करतं, आणि पालक खुर्चीवरून मोबाईल धरण्याऐवजी त्याच्याशेजारी उकिडवे बसतात.

या गावाला हे नवीन सांगायला नको. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधीच्या वयाच्या, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा विचार पुढच्या काळात ताराबाई मोडकांसारख्यांनी केला. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून समुद्रकाठच्या बोर्डीत जे काम उभं केलं त्यात महागडी परदेशी साधनं नव्हती. मुलांच्या वस्तीत जायचं, तिथलीच माती, बिया, शंख-शिंपले घ्यायचे आणि त्यातून शिकवायचं, ही पद्धत होती. आपल्याकडे शिंपले नसतील, पण पंचगंगा आहे, कुंभारवाडे आहेत, ऊस आहे. ते सोडून आपण कार्टूनचे मुखवटे आणतो.

पावसाळ्यापासून सुरुवात करू, कारण बालवाडीचं वर्ष पावसातच सुरू होतं. पाऊस मोजणं हा या वयासाठी फार चांगला उपक्रम आहे. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली वरून कापायची, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं बसवायचं. बाटलीचं बूड वाकडंतिकडं असतं, म्हणून तळाला खडे घालून बाजू सरळ होईपर्यंत पाणी ओतायचं आणि तिथे खूण करायची. तिथून मोजणी सुरू. बाटली पागोळीखाली किंवा झाडाखाली ठेवली तर माप खोटं येतं, आणि चार विटांच्या मधे बसवली नाही तर वाऱ्याने कलंडते. चार वर्षांच्या मुलाला मिलिमीटर कळत नाहीत, ते सांगूही नयेत. पाणी चढलं तेवढ्या उंचीची कागदी पट्टी कापायची, भिंतीवर रोज शेजारी शेजारी चिकटवायची आणि बाटली पुन्हा खुणेपर्यंत रिकामी करायची. पंधरा दिवसांत ‘त्या दिवशी लई पडला होता’ हे मूल बोट ठेवून दाखवतं. पट्टी चिकटवायचा मान रोज वेगळ्या मुलाला द्या, नाहीतर धीट पोरंच पुढे येतात.

पाऊस मोजता मोजता नदीचाही विचार करावा लागतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापूरच्या माणसाला तोंडपाठ असतं. पण सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, दुधाळी अशा सखल भागांतून किती मुलं येतात आणि पाणी आलं तर ती कुठल्या नातेवाइकाकडे जातात, ही यादी किती बालवाड्यांकडे तयार असते? ती जूनमध्येच करावी. इशारा पातळीच्या आसपास पाणी आलं की आधी सतरंज्या गुंडाळून वर ठेवाव्यात, कारण भिजलेली सतरंजी पावसात वाळत नाही आणि कुबट होऊन फेकावी लागते. नंतर रजिस्टरं आणि कागदपत्रं घट्ट झाकणाच्या पिंपात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कुटुंबंच्या कुटुंबं घराबाहेर राहिली. अशा वेळी बालवाडीने कुलूप लावून बसू नये. निवारा केंद्रात एक सतरंजी, ठोकळ्यांची एक पिशवी आणि रोज दोन तास एक ताई, एवढं पुरतं. परक्या जागेत ओळखीची ताई दिसली की लहान मूल सावरतं, आणि त्याच्या आईला रांगेत उभं राहायला हात मोकळे मिळतात.

आषाढातला बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, हा आमच्या मते बालवाडीचा पहिला मोठा सण असावा, कारण त्यात हाताला काम आहे. मातीचा बैल करायला शाडूपेक्षा कुंभाराची मळलेली चिकणमाती बरी. शाडू लवकर सुकते आणि लहान बोटांत तुटते. मुलामागे पाव किलो धरा. चाळीस मुलांना १० किलो, वर दोन किलो मोडतोडीला आणि चिकटवायला. ओल्या बारदानात गुंडाळून ठेवली तर आदल्या दिवशी आणलेली माती चालते. सकाळी करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती वाकवून बघा. वळीला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, तळव्याला चिकटली तर कोरड्या बारदानावर अर्धा तास पसरा.

पाय गळून पडतात ही सगळीकडची तक्रार. कारण साधं आहे: पोट वेगळं, पाय वेगळे करून नुसते दाबले जातात. एकाच गोळ्यातून चार पाय ओढून काढायला शिकवलं तर गळत नाहीत. वशिंड आणि शिंगं मात्र वेगळी लावावी लागतात. तिथे दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढायचे, खिरीएवढी पातळ कालवलेली माती लावायची आणि मग दाबायचं. आधाराला पायांत खराट्याच्या काड्या खुपसू नका. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय उभा चिरतो. बैल लवकर वाळावेत म्हणून पंखा लावला तरी तेच होतं, वरची कातडी आधी आकसते आणि आतली माती ओलीच राहते. सावलीत, वर्तमानपत्रावर, रोज कूस बदलत, पावसाळी हवेत चार-पाच दिवस तरी लागतात. बैल गालाला लावून थंड लागला तर अजून ओल आहे, गेरू लावायची घाई करू नका, पोपडे निघतात. मुलांना हा गालाचा उपाय फार आवडतो. एका मोठ्या माणसामागे आठ मुलं, वीस मिनिटं काम, मग दुसरा गट. चाळीसही मुलं एकदम मातीला बसवली तर ताईंचा सगळा वेळ हात धुण्यात जातो.

हीच माती भाद्रपदात गणपतीला वापरा. प्लास्टर ऑफ पॅरिस मुलांच्या हातात देऊ नका. घट्ट होताना ते तापतं, आणि त्यात हात रुतून राहिला तर भाजतं.

बी पेरण्याचा उपक्रम सगळे करतात आणि बहुतेक ठिकाणी तो सडतो. चाळीस मुलं प्रेमाने चाळीसदा पाणी घालतात, मग दुसरं काय होणार! दुधाच्या पिशवीला तळाला तीन-चार भोकं पाडा, बाटलीच्या बुचाला दाभणाने छिद्र करून झारी बनवा आणि पाण्याच्या पाळ्या लावा. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, या वयाच्या धीराला तेवढाच वेळ झेपतो. कापसावर मूग ठेवायची पद्धत आपल्या पावसाळ्यात नको, बुरशी धरते.

नवरात्र, दिवाळी, ईद, नाताळ यांबद्दल एक गोष्ट सांगतो. मातीकाम, पेरणी, रंग, खाऊ हे सगळ्या मुलांचं. पूजा ज्याच्या त्याच्या घरची. कोल्हापूरच्या पेठांमध्ये ज्या तालमी गणपती बसवतात त्यांतल्या अनेक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. त्यामुळे ईदला एखाद्या आईला शीरखुर्मा करायला बोलावणं यात काही विशेष केल्याचा आव नको, बेंदराइतकंच ते सहज व्हावं. दिवाळीच्या किल्ल्यात एवढंच सांभाळा की दगड मोठ्यांनी रचायचे आणि चिखल मुलांनी थापायचा. बाबा लोकांना किल्ला हौसेने सुंदर करायचा असतो आणि पोरं कडेला उभी राहतात. अळीव आठवडाभर आधी पेरले तर किल्ल्यावर हिरवळ वेळेत दिसते.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण शहरातल्या कित्येक मुलांनी गूळ होताना पाहिलेला नसतो. ही सहल कराच, पण शिस्तीने. एक आधण शिजायला दोन-तीन तास लागतात आणि मुलांचा उत्साह अर्ध्या तासात संपतो, म्हणून गुऱ्हाळमालकांना फोन करून काहील (रस उकळायची मोठी कढई) उतरायच्या सुमारास पोचा. गूळ वाफ्यात ओतताना बघणं हाच खरा भाग. चार मुलांमागे एक मोठं माणूस हवं. चाळीस मुलांना दहा, म्हणजे दोन ताई, एक मावशी आणि सात पालक. सात पालक मिळत नसतील तर निम्मी मुलं एका दिवशी, निम्मी दुसऱ्या. चुलवाण (काहिलीखालची मोठी चूल) आणि घाण्यापासून पंधरा फुटांवर दोरी बांधून घ्या आणि मुलं दोरीच्या अलीकडेच ठेवा. उतरतानाचा गूळ ११५ अंशांच्या पुढे असतो, कातडीला चिकटतो, त्यामुळे पाण्यापेक्षा खोल भाजतो. घाण्याच्या पट्ट्याजवळ मोठ्यांच्या ओढण्या आणि पदर खोचलेले असावेत. बऱ्याच गुऱ्हाळांवर लहान मुलांना जाण्यासारखं स्वच्छतागृह नसतं, म्हणून निघण्यापूर्वी सगळ्यांना जाऊन यायला सांगा, पिण्याचं पाणी बरोबर न्या. उसाचा रस द्यायचा असेल तर बर्फाशिवाय. गुळव्याला, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराला, मुलांशी बोलायची विनंती करा. कोणता फेस कधी काढायचा हे तो हाताने दाखवतो, ते आपल्या कुठल्याही तक्त्यात नसतं. परत येताना थोडं चिपाड आणा, वर्गात त्याचे ठसे छान उठतात.

संक्रांतीला तिळगूळ मुलांनीच वळावा, आणि त्यासाठी पाकाचा लाडू नको. पाक गरम असताना वळावा लागतो आणि मुलांचे हात पोळतात. भाजून मिक्सरमध्ये भरडलेले तीळ १ किलो, किसलेला मऊ गूळ पाऊण किलो, दाण्याचं कूट पाव किलो, दोन-तीन चमचे तूप. चिक्कीचा गूळ यात चालत नाही. २० ग्रॅमचा एक धरला तर शंभर लाडू होतात. चाळीस मुलांना दोन-दोन दिले की वीस उरतात, ते मुलांनी शेजारच्या दुकानदारांना आणि घंटागाडीवाल्या मामांना नेऊन द्यावेत. लाडू वळत नसेल तर तीळ कमी भरडले गेलेत. पुन्हा एकदा फिरवा म्हणजे तेल सुटेल. पाण्याचा हात लावू नका, लाडू लवकर खराब होतात. शेंगदाणा कुणाला चालत नाही हे आधी विचारून ठेवा.

बोरन्हाणाबद्दल मात्र आम्ही कुणाचं ऐकणार नाही. बोरं, शेंगदाणे, हरभरे, गोल चॉकलेटं, उसाच्या गंडेऱ्या लहानग्यांच्या डोक्यावर ओतायच्या आणि ती गोळा करून तोंडात टाकताना कौतुकाने बघायचं, हे पाच वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत धोक्याचं आहे. बोराची बी किंवा अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकतो. ओतायला चिरमुरे आणि बत्तासे घ्या. बोरं वेगळ्या परातीत, बी काढून. घास अडकून मुलाला खोकताही येत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. पुढे वाकवून पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, तळव्याने पाच जोरदार थापा मारायच्या, आणि त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची. प्रत्येक ताईला आणि मावशीला हे वर्षातून एकदा डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकवून घ्या.

रंगपंचमीला पळस फुललेला असतो. ओंजळभर फुलं लिटरभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळली की केशरी रंग मिळतो, तो पूर्ण गार करून वापरा. हळदीत चुना घालून लाल करण्याचा मोह टाळा, चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

हे सगळं दोन ताई आणि एका मावशीच्या जिवावर होणार नाही. महिन्याला एकच मोठा उपक्रम ठेवा. पालकांची एक वही करा: नाव, काय येतं, कधी मोकळे. सुतार, शिंपी, चप्पल शिवणारे, फौंड्रीत मोल्डिंग करणारे, जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या आज्या, सगळं त्या वहीत निघतं. पालकसभा एकाच वेळी घेतली तर धुणीभांडी करणाऱ्या आया किंवा पाळीला जाणारे वडील सुटतात; सकाळी सोडायच्या वेळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी सातला अर्धा तास, अशी तीच सभा दोनदा घ्या. ज्या आजीला जमिनीवर बसता येत नाही तिच्यासाठी खुर्ची आधीच मांडलेली असू दे. उपक्रमाच्या वेळी फोन टोपलीत, फोटो एकाच पालकाने काढायचे, आणि मुलांची नावं घालून ते कुठेही टाकायचे नाहीत.

ज्यांना या वर्षीच सुरुवात करायची आहे त्यांनी पापाची तिकटी, बापट कॅम्प किंवा शाहूपुरीतल्या कुंभारांकडे मातीचं जूनच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा. गणपतीचं काम अंगावर आलं की बारा किलो माती मळून द्यायला त्यांच्याकडे कुणी मोकळं नसतं.