दुखणं न्या, कागद राहू द्या

जुनाट दुखणं घेऊन परदेशी राहायला जायचं ठरलं, की औषधांचा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलावा. मांजर न्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या लशींचे दाखले लोक महिनोन्महिने आधी जमवतात, दोनदा तपासतात, वर झेरॉक्सही काढून ठेवतात. तुमच्या गोळ्यांचं काय, बॅगेच्या कोपऱ्यात बसतील.

तिथले नियम वाचू नका. इथे डॉक्टरांनी लिहून दिलंय ना, मग तिथेही चालणारच! मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही जबर वेदनाशामक औषधं 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे जवळजवळ सगळीकडे नियंत्रित आहेत, एवढं ऐकून असलात तर उत्तम. कारण मग ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक त्या करारात नाही, या आधारावर निर्धास्त राहता येतं. करारात नाही म्हणूनच प्रत्येक देश त्याचं काय करायचं ते आपापलं ठरवतो, हा फाटा कुणी सांगत नाही. 2017 साली एक पर्यटक बाई 290 ट्रॅमाडॉल गोळ्या घेऊन इजिप्तमध्ये उतरल्या आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये प्रीगॅबलिन आणि गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं 2019 पासून नियंत्रित आहेत. मेटामिझोल हे वेदनाशामक जर्मनीत डॉक्टर आजही लिहून देतात, अमेरिकेत मात्र ते 1977 मध्येच बाजारातून गेलं. तेव्हा कुठल्याही केमिस्टकडे जाऊन नाव सांगा आणि समोरच्याचा चेहरा बघा.

नाव कुठलं सांगायचं, हा प्रश्नच आहे म्हणा. मूळ औषधाचं नाव पाठ करण्यात वेळ घालवू नका. ‘सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी कॅप्सूल’ ही ओळख जगभर चालते. ब्रँडचं नाव सीमेपलीकडे बदलतं, आणि मूळ नावांचीही दोन-दोन रूपं असतात: पॅरासिटामॉल म्हणजेच ॲसिटामिनोफेन, पेथिडिन म्हणजेच मेपेरिडिन. पण कोड्यांशिवाय प्रवासात मजा ती काय?

डॉक्टरांकडून पत्र घ्यायचंच असेल तर एका ओळीचं घ्या: ‘रुग्णास वेदनाशामके चालू आहेत, सहकार्य करावे.’ पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे नाव, निदान, औषधाचं मूळ नाव, एका गोळीत किती मिलिग्रॅम, दिवसाला किती, एकूण किती गोळ्या सोबत आहेत, तारीख, सही, शिक्का असं सगळं त्यात आलं, तर कस्टमच्या अधिकाऱ्याला विचारायला काही उरत नाही. बिचाऱ्याचा दिवस कसा जायचा?

स्ट्रिप कात्रीने कापा, जागा वाचते. एरवी नाव आणि मुदत एकाच टोकाला छापलेली असतात; ते टोक आधी वापरून टाकलं की हातात चार निनावी गोळ्या राहतात. वार छापलेल्या कप्प्यांच्या डबीत मोकळ्या ओतल्या तर आणखी छान. मूळ खोकं आणि त्यावरचं केमिस्टचं लेबल कचऱ्यात टाका. आणि सगळा साठा चेक-इनच्या बॅगेत ठेवा, म्हणजे बॅग हरवली की दुखणं तेवढं सोबत राहील.

परवानगीचा अर्ज विमानतळावर जाताना टॅक्सीत भरता येतो, अशी समजूत पक्की असू द्या. जपानमध्ये नार्कोटिक गटातलं औषध नेण्याची परवानगी आधी काढावी लागते. निदान 14 दिवस हातात हवेत. एका टक्क्याहून जास्त कोडीन असलेलं औषधही तिथे याच गटात मोडतं. ती परवानगी स्वतः बरोबर नेण्यापुरती असते. म्हणून मागाहून पार्सलने मागवा. 2015 मध्ये एका बड्या कंपनीच्या अधिकारी बाईंच्या नावे ऑक्सिकोडोनच्या 57 गोळ्या पार्सलने जपानमध्ये आल्या. त्यांना जवळपास तीन आठवडे कोठडी झाली, खटला झाला नाही, नोकरी गेली.

आता हिशोब, तोही करू नका. शेंगेन देशांतल्या, म्हणजे आपापसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांतल्या, रहिवाशाला तिथल्या प्रवासात नियंत्रित औषध नेण्यासाठी मिळणारा दाखला 30 दिवसांचा असतो, प्रत्येक औषधाला वेगळा. इतर ठिकाणच्या सवलतीही बहुधा महिना ते तीन महिन्यांच्या. त्या पाहुण्यांसाठी आहेत आणि तुम्ही राहायला निघालात, हा बारकावा सोडून द्या. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे महिन्याला 90. तिथे पत्ता नोंदवायचा, विमा काढायचा, डॉक्टरकडे नाव घालायचं, तो वेदनातज्ज्ञाकडे पाठवणार, तिथे पुन्हा रांग. आपली चिठ्ठी तिथला केमिस्ट सहसा घेत नाही, नियंत्रित औषधाची तर नाहीच.

पंचविसाव्या दिवशी डबी हलवून बघा. मग काटकसर सुरू करा: रोजची सावकाश विरघळणारी गोळी मोडून अर्धी घ्या. बारा तासांत झिरपायचं औषध एकदम रक्तात उतरतं, श्वास मंदावतो, जीवही जाऊ शकतो, पण गोळी वाचते ना! किंवा एकदम बंदच करा. घाम, जुलाब, अंगावर काटा, रात्रभर टक्क जागरण; नव्या हवेचा परिणाम म्हणून खपून जाईल.

शेवटी एकदाचा डॉक्टर भेटतो. आतापर्यंत कोणकोणती औषधं झाली, किती डोसला, कशाने काय त्रास झाला, एमआरआय कधीचा, असं विचारतो. तुम्ही बॅगेत हात घालता. हाताला फाइल लागते, जाडजूड, तारखेनुसार लावलेली, प्रत्येक पानावर शिक्का. मांजराची.