उशिरा आलेलं स्पीड पोस्ट परत पाठवू नका

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. खूश होती. "अगं, आज पोस्टमनला चांगलं सुनावलं. नऊ दिवसांनी पाकीट घेऊन आला. म्हटलं, सही करणार नाही, घेऊन जा परत. आता रोजचे शंभर रुपये मिळतील मला."

मी विचारलं, पाकीट कसलं होतं? "बँकेचं होतं वाटतं. आत काहीतरी कडक लागत होतं हाताला."

ते कडक म्हणजे तिचं नवीन एटीएम कार्ड. जुन्याची मुदत संपत आली म्हणून बँकेने पाठवलेलं. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी एकटी राहते, आणि घराजवळच्या एटीएममधून पेन्शन काढते. आता पैसे काढायचे तर रिक्षाने शाखेत जायचं, स्लिप भरायची आणि दुखऱ्या गुडघ्याने रांगेत उभं राहायचं. नवीन कार्ड येईपर्यंत हेच. आणि हे सगळं कुणामुळे, तर आमच्याच भावकीच्या ग्रुपवर फिरलेल्या एका मेसेजमुळे.

मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आला असेल. थोडक्यात असा: स्पीड पोस्ट 24 तासांत आलं नाही तर नवीन कायद्यानुसार दिवसाला 100 रुपये भरपाई. साधं पत्र, पार्सल, सगळ्याला लागू. उशिरा आलेलं टपाल घेऊ नका, सही केली की हक्क गेला. रक्कम पोस्टमनच्या पगारातून कापली जाते आणि काउंटरवर रोख मिळते. पोस्टाने दाद दिली नाही तर ग्राहक कोर्टात एक लाख नक्की. दाव्यासाठी खालच्या लिंकवर 5 रुपये भरा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

सगळ्यात आधी त्या "घेऊ नका"बद्दल, कारण यातलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे.

पाकीट नाकारलं की पोस्टमन त्यावर "घेण्यास नकार" असा शेरा मारतो, हातातल्या मोबाइलवर तशी नोंद करतो आणि पाकीट ज्याने पाठवलं त्याच्याकडे परत जातं. नोंदीत उशीर ठळक होत नाही, तुमचा नकार ठळक होतो. भरपाई मागायला तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा तयार केलेला असतो.

आत्याच्या बाबतीत नुसतं कार्ड होतं. उद्या त्याच पाकिटात वकिलाची नोटीस असली तर? 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा बंद करून ती स्पीड पोस्टात विलीन केली, त्यामुळे पूर्वी "रजिस्टर"ने यायच्या त्या नोटिसाही आता स्पीड पोस्टानेच येतात. दुकानदाराचं उदाहरण घ्या. घाऊक व्यापाऱ्याला दिलेला चेक वटला नाही. व्यापाऱ्याने नोटीस पाठवली. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे चुकते केले तर गुन्हा होत नाही. नाही केले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता या गृहस्थाने मेसेज वाचून नोटीस नाकारली. त्याला वाटलं, नोटीस मिळालीच नाही. कायद्याला असं वाटत नाही. जनरल क्लॉजेस ॲक्ट, 1897 च्या कलम 27 नुसार बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असंच धरलं जातं. पोचलं नाही हे सिद्ध करायचं ते घेणाऱ्याने. सी. सी. अलवी हाजी प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने हे चेकच्या नोटिशीला स्पष्ट लागू केलं, आणि "नाकारले" असा शेरा मारून परत आलेलं पाकीटही त्यात धरलं. म्हणजे त्याचे 15 दिवस सुरू झाले आणि आत काय लिहिलंय हे त्याला माहीतच नाही. शंभर रुपयांच्या आशेने.

टपाल उशिरा आलं तरी घ्या. सही करा. फार तर पाकिटाचा बारकोडसकट फोटो काढा, मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. सहीने कुठलाही हक्क जात नाही. उलट सहीची नोंद तारखेसकट होते, आणि पाकीट नक्की कधी मिळालं याचा तोच पुरावा असतो.

आता पैशांचं. आत्याला मी विचारलं, स्पीड पोस्टाचे पैसे कुणी भरले होते? ती गप्प झाली. बँकेने भरले होते. परतावा असला तर तो ज्याने शुल्क भरलं, ज्याच्याकडे बुकिंगची पावती आहे, त्याचा. पाकीट घेणाऱ्याचा त्याच्याशी संबंधच नाही. मेसेज लिहिणाऱ्याला एवढंही कळत नव्हतं, किंवा कळत असून फिकीर नव्हती.

आणि परतावा किती? इथे मेसेजात अर्धा सच्चा धागा आहे, तो मान्य करायलाच हवा, मनात नसलं तरी. उशिरा पोचलेल्या स्पीड पोस्टाचे पैसे परत मिळण्याची तरतूद खरोखर आहे, आणि काउंटरवरचं कुणीही ती आपणहून सांगत नाही. जुन्या कायद्याखालच्या, 1933 च्या पोस्ट ऑफिस नियमांमध्ये 1999 साली 66-ब हा नियम घातला गेला होता. त्याचा आशय असा होता: देशातल्या स्पीड पोस्टाला खात्याने ठरवलेल्या मुदतीपेक्षा उशीर झाला तर भरपाई म्हणून भरलेलं स्पीड पोस्टाचं शुल्क. हरवलं, आतली वस्तू गेली किंवा खराब झाली तर शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यातलं जे कमी ते. दिवसाचा हिशोब त्यात कुठेही नव्हता. एक दिवस उशीर होवो की पंधरा दिवस, रक्कम तीच.

ती रक्कम किती हेही बघा. 1 ऑक्टोबर 2025 पासूनच्या दराने 50 ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावातल्या गावात 19 रुपये आणि बाहेरगावी 47 रुपये, वर जीएसटी. यावर कुणी दिवसाला 100 रुपये देईल? नऊ दिवसांचे नऊशे?

हा 100 चा आकडा कुठून आला याचा मला अंदाज आहे. रिझर्व्ह बँकेचं 20 सप्टेंबर 2019 चं एक परिपत्रक आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, आणि बँकेने ते पाच दिवसांत परत जमा केले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये. हा नियम खरा आहे, उपयोगाचा आहे, आणि तो बँकांना लागू आहे. कुणीतरी तो उचलून पोस्टाला चिकटवला असावा.

मेसेजातल्या "नवीन कायद्या"बद्दल. नवीन कायदा आहे, हे बरोबर. 1898 चा जुना कायदा जाऊन पोस्ट ऑफिस ॲक्ट, 2023 आला, तो 18 जून 2024 पासून लागू झाला. पण तो उघडून वाचणाऱ्याला कलम 10 मध्ये मेसेजाच्या नेमकं उलट सापडेल. पोस्ट आपल्या सेवेबद्दल कुठलीही जबाबदारी घेत नाही, नियमांनी ठरवून दिली असेल तेवढी सोडून. जुन्या कायद्याचं कलम 6 हेच सांगत होतं. मला हे कलम पसंत नाही, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी थाटाचं आहे. पण ते आहे, आणि ते लपवून लोकांना खोटी आशा दाखवणं वाईट आहे.

त्याच कलमाचा दुसरा भाग पोस्टमनबद्दलचं वाक्य खोडतो. कर्मचाऱ्याने लबाडी केली किंवा मुद्दाम उशीर केला असेल तरच तो जबाबदार. पाकीट वाटेतल्या एखाद्या सॉर्टिंग केंद्रात चार दिवस पडून राहिलं, गाडी चुकली, भलत्याच गावच्या थैलीत गेलं, यात दारात उभ्या असलेल्या माणसाचा काय दोष? आत्याने ज्याला सुनावलं तो पोस्टमन पावसाळ्यात तिच्या आळीत गुडघाभर पाण्यातून पत्रं घेऊन येतो. सकाळी ऑफिसात बटवड्याचं टपाल हाती पडलं की त्याच दिवशी ते वाटायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. त्याच्या पगारातून तुमचे शंभर कापले जातात, ही कल्पनाच मला संतापजनक वाटते.

बाकीचे मुद्दे पटापट. 24 तासांत सगळीकडे, हे खोटं. मुदत अंतरावर ठरते: त्याच शहरात एक-दोन दिवस, राज्यात चारपर्यंत, देशाच्या दुसऱ्या टोकाला चार ते पाच. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी 24 आणि 48 तासांच्या हमीच्या टपालसेवेची घोषणा केली होती, बहुधा त्यावरून हे वाक्य सुचलं असेल. पण ती वेगळी सेवा, नेहमीच्या स्पीड पोस्टाला ती मुदत लागत नाही. साध्या पत्राची तर बुकिंगची नोंदच नसते, मग उशीर झाला हे दाखवणार कशावरून? काउंटरवर रोख मिळत नाही, तक्रार होते, चौकशी होते, मग मंजुरी. ग्राहक आयोगात जायला 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे खरं. पण वर सांगितलेलं कलम 10 तिथेही समोर येतं. "एक लाख नक्की" असं कुठलाही सरळ वकील तुम्हाला सांगणार नाही.

आणि ती लिंक. ती उघडूच नका. टपाल खात्याच्या नावाने "पत्ता अपडेट करा, नाहीतर पार्सल परत जाईल" असे मेसेज पाठवून लोकांच्या कार्डाचे नंबर काढून घेतल्याचे प्रकार होऊन गेले आहेत, पीआयबीच्या, म्हणजे सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, फॅक्ट चेकने त्याबद्दल सावध केलं होतं. 5 रुपये मागण्यामागे 5 रुपये नको असतात, तुमच्या कार्डाचा नंबर आणि ओटीपी हवा असतो. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. आत्याने लिंक उघडली नव्हती, कारण तिला ती कशी उघडायची हे माहीत नव्हतं. तेवढं नशीब.

खरी वाट कशी असते ते माझ्या अनुभवावरून सांगते. 2022 मध्ये मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी स्पीड पोस्टाने दिल्लीला पाठवला. 41 रुपये 30 पैसे. आठव्या दिवशी पोचला, तोवर मुदत संपलेली. आमच्या पोस्टात पहिल्यांदा सांगितलं, असं काही नसतं. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा मी बुकिंगची पावती, ट्रॅकिंगची छापील प्रत आणि नियम 66-ब चा उल्लेख केलेला अर्ज घेऊन गेले आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. त्यानंतर हलले ते. भरलेलं शुल्क परत आलं. शिष्यवृत्ती गेली ती गेली, तिच्याबद्दल कुणी काही देणं लागत नव्हतं.

म्हणून बुकिंगची पावती फेकू नका. त्यावरचा तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक हाच तुमचा दावा. मुदत उलटली की पाठवणाऱ्याने लगेच तक्रार करायची, पोस्टात लेखी किंवा खात्याच्या संकेतस्थळावर, किंवा 1800 266 6868 वर, आणि तक्रारीचा नंबर मागून घ्यायचा. उत्तर आलं नाही तर सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर टाकायचं. आणि ज्या कागदाला खरोखर शेवटची तारीख आहे तो शेवटच्या आठवड्यात पोस्टात टाकायचा नाही. परताव्याने ती तारीख परत येत नाही.

ज्या काकांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला त्यांना मी फोन केला. "मी नुसता पुढे पाठवला, खरं-खोटं मला काय माहीत," म्हणाले. काका, आत्याने तो तुमच्या नावामुळे खरा मानला. आणखी कुठल्या कुठल्या ग्रुपवर टाकलाय ते तुम्हालाच ठाऊक. तिथे तिथे जाऊन आज काढा, आणि त्याच्या जागी हे टाका. मी आत्याबरोबर परवा बँकेत जाऊन आले. कार्ड त्यांच्याकडे परत आलेलं नाही, नव्याने अर्ज दिलाय.