'ओके' अभद्र कधीपासून झालं?

काल रात्री आईला 'पोचलो, ओके आहे' एवढंच लिहिलं, तर लगेच तिचा फोन. "तो शब्द लिहू नकोस रे, अभद्र आहे." कारण मावशीनं पाठवलेला मेसेज: 'ओ' म्हणजे शून्य, 'के' म्हणजे किल्ड; अमेरिकेच्या यादवी युद्धात कोणी मेलं नाही की छावणीच्या फलकावर असं लिहीत; म्हणून हा मेलेल्यांच्या मोजणीचा शब्द, त्याला दुसरा अर्थच नाही, आणि मोठ्यांना तो लिहिणं हा अपमान.

अहो, मेसेज खरा धरला तरी त्यात कोणीच मेलेलं नाही! मग अभद्र काय? बरं, तो खराही नाही. यादवी युद्ध १८६१ ते १८६५ मधलं. 'ओ.के.' छापून आलं २३ मार्च १८३९ ला, 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये. म्हणजे युद्धाच्या २२ वर्षं आधी. अ‍ॅलन वॉकर रीड या भाषा-अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून १९६३-६४ मध्ये हे दाखवून दिलं. त्या काळी बॉस्टनच्या पत्रकारांना मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगवरून आद्याक्षरं करायची खोड लागली होती. 'ऑल राइट'चं (oll wright) 'ओ.डब्ल्यू.', 'नो गो'चं (know go) 'के.जी.', तसंच 'ऑल करेक्ट'चं (oll korrect) 'ओ.के.'. बाकीची विरून गेली. हे टिकलं, कारण १८४० च्या निवडणुकीत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावासाठी तीच अक्षरं उचलली. (ते हरले, ते सोडा.)

दुसरा अर्थच नाही म्हणे! 'सिनेमा ओके होता' म्हणजे बेताचाच. 'रजा ओके केली' म्हणजे मंजूर. पडलेल्याला 'ओके आहेस ना?' म्हणजे लागलं का. 'ओके, आता पुढचं' यात होकारही नाही, नुसता विषय बदलला. आणि 'अजून वाढू?' वर हात आडवा धरून 'ओके, ओके' म्हणजे चक्क नको.

अपमानाचं मात्र थोडं खरं आहे, मान्य करावंच लागतं. कोणी चार ओळी आपलं दुखणं लिहावं आणि उत्तरात नुसतं 'ओके' यावं, तर झोंबतंच. पण तिथं नुसतं 'बरं' लिहिलं तरी तितकंच झोंबेल, आणि 'बरं' कुठल्या लढाईतून आलं ते अजून कोणी मावशीला पाठवलेलं नाही.