सगळं खापर उन्हावर कशाला?

तुमच्या लेखात नागपूरच्या अंबाझरी तलावातले मासे नि पक्षी कमी होण्याचं खापर वाढत्या उन्हावर फोडलंय. अहो, नागपूरला नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) काय आज लागला? उन्हाचा वाटा आहेच. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशाला जेमतेम ७. पण तेवढ्यावर बहुतेक मासे तगतात. खरा घात करतं ते वरच्या वस्त्यांमधून येणारं सांडपाणी. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी पोसते आणि दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. वर हिरवागार गालिचा, खाली अंधार. कुजणारी पानं उरलासुरला ऑक्सिजनही संपवतात. (थोडीशी असेल तर कमळपक्षी तिच्यावर मजेत चालतो, हेही खरं. तळंभर पसरली की पाणकावळ्याला बुडी मारायला जागा राहत नाही.) जलपर्णी काढून काठावरच ढीग घातला, तर पहिल्या पावसात सडका माल परत तलावात! शिवाय बिया गाळात वर्षानुवर्षं टिकतात. शहरातल्या नाग नदीची घाणही कन्हान-वैनगंगा नद्यांतून पार गोसीखुर्द धरणापर्यंत जाते. कोणत्या नाल्याचं पाणी प्रक्रियेविना तलावात येतं, त्याची यादी छापा की एकदा.