नळ नको, वायसर बदला

तुमच्याकडच्या गळक्या नळांवरच्या लेखात ‘नळ गळत असेल तर सरळ नवा बसवा’ असा सल्ला वाचला, तो काही पटला नाही. आमच्या सोलापुरात पाणी चार-चार दिवसांआड येतं, टपटप ऐकली की जीव वरखाली होतो. एकदा नळाखाली बादली ठेवून झोपले, सकाळी अर्धी भरलेली! प्लंबर अख्खा नळच बदलायला निघाला होता. उघडून बघितलं तर आतलं रबरी वायसर चपटं होऊन चिरलेलं. तेवढंच बदललं, दहा रुपयांत काम झालं.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात फडकं (आमच्याकडे जुन्या चादरीचंच, आणखी कुठलं असणार!) भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळा. फक्त शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका, चुनखडीचा दगड तो, डाग पडतो. माझ्या मोरीत पडलाय.